माणूस उतरवायच्या आधी आरसा उतरवा



पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘कवी’ छापलंय. पण आज कविता नाही. आज गटार. ज्यांना नाक धरायचंय त्यांनी आत्ताच धरून घ्यावं.

मी गोदीत काम करतो. बोटीच्या होल्डमध्ये लोखंडी भंगार असलं की ते गंजता गंजता हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. वरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं. वास नाही, धूर नाही. उतरणारा माणूस शिडीवरच कोसळतो. म्हणून आमचा मुकादम आधी झाकण उघडायला लावतो, हवा खेळू देतो, दोरीला मीटर बांधून खाली सोडतो, आकडा बघतो आणि मग म्हणतो, उतरा. आता मला सांगा, भंगारापाशी जायला मीटर लागतो, आणि पांढरपेशांच्या संडासाखाली उतरायला नुसती जात कशी काय पुरते?

माझा एक मावसभाऊ ठेकेदाराकडे ड्रेनेजचं काम करतो. उपनगरातली एक सोसायटी, नाव घेत नाही. चार विंग, आवारात पिंपळ, मारुतीचं देऊळ. तिथलं रस्त्याकडचं शेवटून दुसरं चेंबर दोन वर्षांत नऊ वेळा तुंबलं. नऊ वेळा ह्याला फोन. नऊ वेळा हा पुरुषभर खोल उतरला, बांबूच्या कामट्या घातल्या, घाण बादलीने वर दिली, पैसे घेतले, घरी आला. नऊ वेळांत सेक्रेटरीने, खजिनदाराने, वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड इंजिनियराने, एकानेही विचारलं नाही की बाबा, हेच चेंबर का तुंबतं?

का विचारतील? खोदून पाईप बदलायचा तर खर्च येतो. माणूस स्वस्त आहे. माणूस स्वस्त आहे तोवर पाईप दुरुस्त होत नाही, हे आधी डोक्यात घट्ट बसवा. बाकी सगळं प्लंबिंग आहे आणि ते आपल्याला शिकता येतं.

तर शिकू.

मुंबईतल्या जुन्या घरांखाली चिनी मातीचे झिलई दिलेले पाईप असतात. प्लंबर त्याला स्टोनवेअर म्हणतात. एकेक पाईप दोन फुटांचा. म्हणजे शंभर फुटांच्या लायनीत पन्नास सांधे. प्रत्येक सांध्यात डांबरात भिजवलेली सुतळी ठोकायची आणि वर सिमेंट भरायचं. पाईप शंभर वर्षंही टिकतो, सांधा टिकत नाही. जमीन खचते, वरून ट्रक जातो, शेजारी पाया खणतात, सिमेंटला केसाएवढी चीर पडते. तेवढी पिंपळाला पुरते. मुळाला पाणी हवं असतं, ते चिरेतून आत शिरतं आणि आत झाडूसारखं पसरतं. त्या झाडूला चिंध्या, केस, प्लॅस्टिक अडकतं, त्यावर स्वयंपाकघरातलं तेल थिजतं. झालं, बूच तयार.

आणि ओझं बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत बांधल्या. २०७ इमारती. मजल्यावर सामाईक संडास, खोलीत एक मोरी. त्या हिशेबाने घातलेल्या लायनी. पुढे एका खोलीत दोन-दोन संसार झाले, मोऱ्यांच्या न्हाण्या झाल्या. खालचे पाईप तेवढेच. तुंबलं की म्हणायचं, ‘ही लोकं घाण करतात.’ सहा इंची पाईपाला जात कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो.

उताराचं गणित शाळेत शिकवत नाहीत, मी सांगतो. चार इंची पाईप चाळीस फुटांत एक फूट उतरायला हवा. सहा इंची साठ फुटांत एक फूट. नऊ इंची नव्वद फुटांत. पाईपाचे इंच गुणिले दहा, एवढंच लक्षात ठेवा. उतार कमी पडला की पाण्याचा जोर कमी आणि मैला खाली बसतो. मधले चार पाईप खचले तर लायनीला पोट सुटतं, त्या पोटात कायम घाण साचते. कितीही वेळा साफ करा, पोट तिथंच.

आता रोग कसा ओळखायचा. एकाच खोलीचा संडास भरला तर त्या खोलीचा फाटा चोंदलाय. सगळा तळमजला एकदम उलटा वाहायला लागला तर मुख्य लाईन. मग आवारातली सगळी झाकणं हुकाने उघडायची. इमारतीकडून रस्त्याकडे चालत जायचं. एक चेंबर तुडुंब, पुढचं कोरडं, तर बूच त्या दोघांच्या मध्ये. शेवटचं चेंबरसुद्धा तुडुंब असेल तर रोग रस्त्यातल्या महापालिकेच्या लायनीत. हद्दीच्या आतलं मालकाचं, बाहेरचं महापालिकेचं. तक्रार तिकडे करा, आपल्या पोराला खाली ढकलू नका. रात्री तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, चेंबरमध्ये स्वच्छ पाणी वाहताना दिसलं तर एखादी टाकी गळतेय किंवा जमिनीतलं पाणी फुटक्या सांध्यातून आत येतंय. कुठल्या संडासाचं पाणी कुठे जातं कळत नसेल तर रंग टाका आणि झाकणापाशी उभे राहून बघा.

मग आरसा. लाईन धुऊन रिकामी झाली की एका चेंबरमध्ये बॅटरी काठीला बांधून पाईपाच्या तोंडाशी धरायची. पुढच्या चेंबरमध्ये दुसऱ्या काठीला बांधलेला आरसा तिरपा सोडायचा आणि वरून बघायचं. पूर्ण गोल चंद्र दिसला तर लाईन सरळ आणि मोकळी. अर्धाच दिसला तर मध्ये पोट आहे किंवा काही आडवं आलंय. दिसलाच नाही तर पाईप कोसळलाय. ह्याला डिग्री लागत नाही. पैसे असतील तर कॅमेरा आहे, पाईपातून ढकलायचा आणि पडद्यावर चीर बघायची. तो भाड्यानेही मिळतो.

मावसभावाला दहाव्यांदा फोन आला तेव्हा आम्ही तिघे गेलो. तो म्हणाला, उतरणार नाही, आधी जेटिंगची गाडी आणा. बोंबाबोंब झाली, पण गाडी आली. लाईन धुतल्यावर आरसा सोडला. अर्धा चंद्र! आणि वरून मुळांच्या जटा लोंबताना दिसल्या. पिंपळापासून देवळाच्या चौथऱ्यापर्यंत बारा फूट लाईन बसली होती. सेक्रेटरी म्हणाला, देवळाजवळ खणता येणार नाही. भाऊ म्हणाला, मग मारुतीलाच उतरवा. शेवटी खणलं. खाली काँक्रीटचा बेड, त्यावर नवा पाईप, उतार पाणपट्टीने तपासलेला. फोन बंद झाले. सोसायटी बिलाबद्दल अजून कुरकुरते. कुरकुरू दे.

न खणताही दुरुस्ती होते. रेझिनमध्ये भिजवलेली नळी जुन्या पाईपात उलटवून घालतात, हवेने किंवा पाण्याने फुगवतात, गरम पाण्याने वाफेने घट्ट करतात. आत नवा पाईप तयार. हे १९७१ साली लंडनमध्ये झालं. चिरा आणि मुळांवर चांगला उपाय. पण पोट सुटलेल्या लायनीला अस्तर लावलं तर अस्तरालाही पोटच येणार. ठेकेदार हे सांगणार नाही. तिथे खोदणंच आलं. आणि ॲसिड ओतायचं नाही. बूच तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी उघडणाऱ्याचे हात भाजतात.

फुटकी लाईन नुसती घाण नसते. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी गेलं की नळाच्या पाईपात ओढ बसते. गटाराची आणि नळाची लाईन शेजारी आणि दोन्ही फुटक्या असतील तर सकाळी पहिल्या हंड्यात काय येतं, ते आपल्या आयांना विचारा.

आता नाकाचं. गटारातला सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की वास येतो, जास्त झाला की नाक मरतं. वास गेला म्हणून गॅस गेला असं समजून माणसं उतरतात. शिवाय गाळ ढवळला की खाली कोंडलेला गॅस एकदम सुटतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दुसरा बहुतेक वेळा भाऊ असतो, नाहीतर मेव्हणा. पडलेल्यामागे उडी मारू नका. दोरी आधीपासून बांधलेली असेल तर वरून ओढा, नाहीतर अग्निशमन दल बोलवा. आणि झाकणापाशी बिडी नाही, तिथे पेटणारा मिथेनही असतो.

कायदा पाठ करा. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लागू होतं, त्याला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूला दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणीचा वाढायला आपल्याला भांडावं लागेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पेढे खाल्ले, बरं वाटलं. पण चाव्यांबरोबर ड्रेनेजचा नकाशा कोणी मागितला? कुठे चेंबर, किती इंची पाईप, किती उतार? तो मागा आणि सोसायटीच्या कपाटात ठेवा. उद्या तिथेही तुंबेल आणि तिथेही कोणीतरी फोन फिरवेल. नंबर कोणाचा असेल, सांगायला नको.

बोलणं पुरे. ह्या हॉलच्या मागच्या गल्लीत चार चेंबर आहेत, तिसऱ्याचं झाकण सकाळपासून ओलं आहे. दोघांनी हुक घ्या, एकाने बॅटरी. आरसा माझ्या पिशवीत आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, आणि पहिली दोन्ही टोकं उघडा.