किल्ली ज्याची, वहीही त्याचीच

तुरुंगातल्या रक्षकांना जाब विचारण्याविषयी बोलायला मोहालीइतकं योग्य गाव क्वचितच सापडेल. इथल्याच सीबीआय विशेष न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पाच माजी पोलीस अधिकाऱ्यांना जन्मठेप सुनावली. गुन्हा १९९३ चा, तरनतारनच्या बनावट चकमकींचा. निकालाला बत्तीस वर्षं लागली. तोवर काही आरोपी वारलेही होते.

इतका उशीर का होतो? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. कोठडीची किल्ली ज्याच्याकडे असते, नोंदवहीही त्याच्याचकडे असते.

१८९४ चा कारागृह कायदा उघडून बघा. कलम ४६ मध्ये कैद्याला द्यायच्या शिक्षांची यादी आहे. ती थेट ३० फटक्यांपर्यंत जाते. कलम ५४ कर्मचाऱ्यांचं. कर्तव्यात कसूर केली तर २०० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जीवघेण्या मारहाणीला फौजदारी कायदा आहेच. पण त्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार त्याच कुलपाआड असतो.

जून २०१७. भायखळ्याचं महिला कारागृह. शिक्षा भोगत असतानाच वॉर्डरचं काम करणाऱ्या एका बंदिनीच्या हिशेबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्यावरून तिला बेदम मारलं आणि त्यात ती गेली, असा आरोप झाला; सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. मला थांबवते ती एक गोष्ट : फिर्याद दिली ती आतल्याच एका बंदिनीने. कुठे पळायचं नाही, कुलूप लागणार तेही त्याच हातांनी. तरी ती बोलली. आपली सगळी न्यायव्यवस्था अशा एका बाईच्या धाडसावर टेकून ठेवायची का?

पंजाबने दुसरी वाट दाखवली आहे. मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांनी बेवारस म्हणून जाळलेल्या मृतदेहांचा माग काढला तो अमृतसरच्या स्मशानातल्या नोंदींवरून. पोलिसांच्या वहीत जे नव्हतं, ते लाकडांच्या हिशेबात होतं. सप्टेंबर १९९५ मध्ये खुद्द खालडांनाच उचलण्यात आलं, ते परत आले नाहीत. पण वही उरली, आणि त्यांच्या खुनाबद्दल पोलीस तुरुंगात गेले.

म्हणजे दुसरी वही हवी. सर्वोच्च न्यायालयाने हे कधीच ओळखलं होतं. तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्याच्या छळाचं पत्र धाडलं, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तुरुंगात तक्रारपेट्या आणि न्यायाधीशांच्या भेटी सांगितल्या. २०२० मध्ये, पंजाबमधल्याच एका प्रकरणात, पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावा आणि चित्रण १८ महिने जपा, असा आदेश निघाला. माझं म्हणणं एवढंच : कारागृहातल्या पेटीची किल्ली आणि कॅमेऱ्याचं चित्रण, दोन्ही तुरुंगाबाहेर राहू द्या. प्रामाणिक शिपायालाही खोट्या आळातून तेच वाचवेल.

आणि वकीलमित्रांनो, तोवर सरकारची वाट बघू नका. पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा खटल्याआधी अशिलाला विचारा, अंगावर मार आहे का? जे सांगेल, जे दिसेल, ते तारीख-वेळ घालून आपल्या डायरीत लिहा. ती डायरी जेलरच्या कपाटात जात नाही.