डोळे येतात तेव्हा

पावसाची झड ओसरून हवेत दमटपणा राहिला, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतून एक बातमी फिरू लागते : अमक्याचे डोळे आले. शेजारची हिंदी भाषिक मंडळीही ‘आँख आयी’ असेच म्हणतात. डोळे तर जन्मापासून जागेवरच असतात. तरी दोन्ही भाषांना हाच शब्दप्रयोग सुचावा, ही गंमत आहे.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर व पापण्यांच्या आतल्या बाजूस जे पातळ आवरण असते, त्याचा हा दाह. डोळा लाल होतो, खुपतो, पाणी गळते. पाणी पातळ असेल तर बहुधा विषाणूचा उपद्रव. घट्ट पिवळा पू येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जिवाणूंचा संशय घ्यावा. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज सुटत असेल, तर धूळ किंवा परागकणांचे वावडे असू शकते, आणि ते कोणास लागत नाही.

साथी येतात त्या बहुतेक विषाणूंच्या. १९६९ मध्ये घाना देशात अशी एक साथ उठली. त्याच वर्षी मनुष्य चंद्रावर उतरला, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’चेच नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात आली, तेव्हा बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. २०२३ च्या जुलैत पुण्याजवळील आळंदीत शाळकरी मुलांत डोळ्यांची साथ पसरली होती.

रोग्याच्या डोळ्यांत पाहिल्याने रोग लागतो, ही समजूत मात्र अजून जात नाही. नजरेने काही लागत नाही. लागते ते हाताने. मूल डोळा चोळते, तोच हात पाटीला, दाराच्या कडीला, धाकट्या भावंडाच्या गालाला लागतो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ अडवीत नाही. साबणाने वारंवार हात धुणे, पंचा व उशीचा अभ्रा वेगळा ठेवणे, डोळ्यांतून पाणी वा पू येत असेतो मुलास शाळेत न पाठविणे, हे खरे उपाय. आणि काजळाची डबी! एकाच डबीत घरातील सर्वांची बोटे बुडावीत, हा जुना जिव्हाळा साथीच्या दिवसांत महाग पडतो. औषधाच्या कुपीचेही तेच.

विषाणूचा विकार बहुधा एकदोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो. पण दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली झटकन घालवितात आणि आत बुबुळावर जखम असेल तर ती चिघळवितात. लाली गेली म्हणून घरचे निश्चिंत होतात, तोवर दृष्टी धोक्यात येते. डोळा ठणकू लागला, अंधुक दिसू लागले, उजेड सहन होईना, किंवा नवजात अर्भकाच्या डोळ्यांतून पू आला, तर एक दिवसही दवडू नये. ग्वाल्हेरात १९४६ मध्ये सुरू झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यास जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. तेथे जाताना घरातील उरलेल्या थेंबांची कुपी डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावी.