फारकत झाली, पण कर्जाचं काय?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)



गटातल्या एकीनं हप्ता थकवला, तर बँक सगळ्या गटाला विचारते. नवरा-बायकोनं मिळून काढलेल्या घरकर्जाचंही तसंच. नांदेडच्या नाहीतर लातूरच्या कोर्टात घटस्फोट झाला, ‘हप्ते त्यानं भरावेत’ असं ठरलं, तरी बँकेच्या कागदावर तुमची सही आहेच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

म्हणून दोन कागद ध्यानात ठेवा. एक कर्जाचा, दुसरा घराचा.

घर तुम्हाला राहणार असेल, तर निकालाची नक्कल जोडून बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकटीच्या कमाईवर हप्ता झेपेल का, हे बँक बघते; भाऊ किंवा कमावता मुलगा सहकर्जदार म्हणून मागू शकते. तोवर हप्ता चुकू देऊ नका. बँक तयार झाली की नवा करार करा. मग त्याचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव बदलून घ्या.

घर त्याला जात असेल, तर ‘कर्जातून नाव कमी केलं’ असं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. नाहीतर घर त्याचं आणि कर्ज दोघांचं!

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, कमाईची अट नाही. फोन १५१००. आधी विचारा, मग सही करा.