‘लग्न पहावे करून’ : लढाईच्या सालातला हसरा बोलपट



युनियनच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो बोनस आणि भत्ता यांवरच बोलणार, असा आपला समज असेल. आज आम्ही एका विनोदी बोलपटावर बोलणार आहोत. भत्ता मध्ये येईलच. त्याला आमचा इलाज नाही.

बोलपट ‘लग्न पहावे करून’, साल १९४०. चित्र नवयुगचे, दिग्दर्शक मास्टर विनायक, कथा चिं. वि. जोशी यांची. चिमणराव झाले होते दामुअण्णा मालवणकर (आडनावातच मालवण, तेव्हा आपल्याकडे थोडा पक्षपात चालायचाच!) आणि गुंड्याभाऊ झाले होते विष्णुपंत जोग. पुढे दूरदर्शनने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने हीच जोडी घरोघर नेली, ती आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

आता साल पाहा. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात लढाई पेटली आणि इकडे धान्य-कापड महागले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या दीड लाखांवर गिरणीकामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप पुकारला. तो सुमारे चाळीस दिवस चालला. त्या गिरण्यांत मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडची माणसे किती होती, हे कट्ट्यात सांगायला नको. आणि त्याच वर्षी पडद्यावर काय, तर लग्न जुळवण्याची गंमत! आमच्यातले काही कडक सोबती अशा चित्रांना अफूची गोळी म्हणतात.

आम्हांला ते पटत नाही. संपकऱ्याच्या डोक्यावर कर्ज होते ते कशाचे? १९३१ सालच्या रॉयल कमिशनने कामगारांच्या कर्जाचा विचार केला, तेव्हा लग्नाचा खर्च हे त्याचे एक मोठे कारण म्हणून नोंदले. गावी बहिणीचे लग्न निघाले की मुंबईत पठाणाचे व्याज सुरू! म्हणजे लग्न हा प्रेमाचा प्रश्न असेल, तितकाच पगाराचाही. ‘घर पहावे बांधून, लग्न पहावे करून’ ही म्हण काही सावकाराच्या घरात जन्मली नसावी. चिमणरावांसारख्या कारकुनाच्या फजितीवर हसताना प्रेक्षक आपल्याच खिशाला हसत होता. चिमणरावांच्या हातून युनियन निघणे कठीण, हे आम्ही मान्य करतो. पण गरिबाच्या अडचणीला लाज न वाटता चारचौघांत हसता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. एकट्याची अडचण दहाजणांची आहे हे आधी कळावे लागते. सभा मागाहून भरते.

तिकडे युरोपातही हेच. इटलीत मुसोलिनीच्या अमलात, ऐन लढाईत, व्हित्तोरिओ दे सिका हलकीफुलकी प्रेमाची चित्रे काढीत होता. ‘तेरेसा व्हेनेर्दी’ १९४१ चे. त्याच माणसाने १९४८ साली ‘बायसिकल थीव्ज’ काढले. सायकल चोरीला गेली की नोकरी गेली, अशा एका बापाची ती गोष्ट. १९५२ च्या जानेवारीत मुंबईच्या महोत्सवात ते दाखवले गेले, तेव्हा आपल्याकडचे चित्रपटवाले चकित झाले.

आमचे विनायक १९४७ च्या ऑगस्टमध्ये गेले. वय अवघे एकेचाळीस.