परसातला वाटाणा : पेरणीपासून तोडणीपर्यंत
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या बाजूच्या घरांसाठी बोलायचं आहे. हा कांदा-बटाट्याचा मुलूख. औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्या आणि कित्येकांकडे घरामागचे दोन-चार गुंठेच उरले. त्यात काय लावावं, असं विचारतात. माझं उत्तर, हिवाळ्यात वाटाणा लावा. बाजारातून आणलेल्या मटारला परसातल्या दाण्याची गोडी येत नाही, कारण शेंग तोडली की दाण्यातली साखर तासातासाने पिठात बदलू लागते.

पेरणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. पुरंदरकडे वाटाणा पावसाळ्यात घेतात, ते बघून आपल्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात जूनमध्ये पेरू नका. बी कुजतं. उशीरही नको. एके वर्षी मी स्वतः डिसेंबरअखेर पेरला. वेल छान वाढले, पण फूल लागायला आणि ऊन तापायला एकच गाठ पडली. फुलं गळून गेली. हाती दोन भाज्यांपुरता वाटाणा आला.

बी घेताना सुरकुतलेलं बघून घ्या. अर्केल, बोनव्हिला या जाती तशा आहेत. ग्रेगोर मेंडेल नावाच्या युरोपातल्या एका मठवाशाने गोल आणि सुरकुतलेले वाटाणे मोजून आनुवंशिकतेचे नियम मांडले, ते १८६५ साली. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे की सुरकुतलेल्या दाण्यात पीठ कमी, साखर जास्त. गोल बी उसळीच्या वाळल्या वाटाण्याला बरं.

एका गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बी लागेल. त्याला गुळाच्या पाण्यात कालवलेलं वाटाण्याचं रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका. विकतचं बी रंगीत असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. उरलेलं बी आमटीत घालू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

आधी रान भिजवा, वाफसा आल्यावर दोन बोटं खोल बी टोका. पेरून लगेच पाणी देऊ नये. दोन ओळींत एक फूट आणि दोन बियांत चार बोटं अंतर ठेवा. शेणखत कुजलेलं हवं. युरिया मात्र हात राखून टाका, नाहीतर नुसता पाला माजतो. वेलांना तुरीच्या वाळल्या काट्या रोवून आधार द्या. फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, पण कारखान्याकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी या पिकाला चुकूनही घेऊ नका. पोरं शेंगा वेलावरूनच खातात.

पानावर पांढरी पूड दिसली की ती भुरी. १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक घेऊन, ऊन नसताना फवारा. माव्याला आणि लहान अळीला ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. तोडणी सुरू झाल्यावर दुसरं विषारी औषध नको.

आता मुख्य गोष्ट तोडणीची, कारण नुकसान इथेच होतं. घरातली माणसं पाळीवर जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात परसात कुणी फिरकत नाही आणि तेवढ्यात शेंगा जून होतात. जून शेंग वेलावर राहिली की वेलाला वाटतं, बी तयार झालं, काम संपलं! मग नवं फूल येत नाही. म्हणून सगळं एकदम पेरू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत पेरा. एका ओळीची वेळ चुकली तरी दुसरी हाताशी राहील.

अर्केलची पहिली तोडणी साधारण ५५ ते ६५ दिवसांत येते. खालच्या शेंगा आधी भरतात. शेंग फुगलेली, पण हिरवीगार आणि तकतकीत असेल तेव्हा तोडा. रंग फिका पडून सालीवर जाळी दिसू लागली तर उशीर झाला. शंका आली तर एक शेंग फोडून दाणा चावून बघावा, त्याच्यासारखं माप नाही. एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग तोडा. ओढाल तर वेल मुळासकट हातात येईल. दव सुकल्यावर, सकाळीच तोडावं. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी हवीच. ती जबाबदारी घरातल्या एकावरच टाकू नका. आजी-आजोबांना आणि शाळेतल्या पोरांनाही ओळी वाटून द्या.

तोडलेल्या शेंगा उन्हात किंवा पिशवीत कोंडून ठेवू नयेत. त्याच दिवशी सोला. जास्त झाल्या तर दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढा आणि निथळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

वेल संपले की उपटू नका, जमिनीलगत कापा. पाला गाईला घाला. फवारा मारला असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या. मुळांवरच्या गाठी रानातच राहू देत, त्यातला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. त्याच ओळीत फेब्रुवारीत भेंडी किंवा गवार टोकता येईल.