मठ्ठ म्हणण्यापूर्वी



नई सडकेवरील या समारंभात आम्ही शिक्षकांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कमी ऐकणारे मूल पुष्कळदा आधी शिक्षकाच्याच नजरेस येते. हाक मारली तरी मान न वळवणारे, श्रुतलेखनात शब्द गाळणारे मूल वर्गात 'मठ्ठ' ठरते. त्याचा दोष बुद्धीचा नसून कानाचा असू शकतो.

लहान मुलांत नाक व कान जोडणारी नळी आखूड व आडवी असते. म्हणून सर्दी कानापर्यंत पोचते, पडद्यामागे पाणी साचते, कधी पडदा फुटून कान वाहू लागतो. घरोघरी मग कढत तेल घालतात. तसे करू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरांकडे जावे. ते पडदा पाहतात, श्रवणशक्ती मोजतात, औषधाने न भागल्यास शस्त्रक्रिया करतात. जन्मतः बहिऱ्या मुलाची तर वाचाही कानात अडकलेली असते; पहिली ३ वर्षे दवडली की भाषा दुरावते.

२०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत याच डॉक्टरांनी नाकातील सडलेला भाग काढून अनेकांचे प्राण वाचवले.

जयारोग्य रुग्णालय व १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आपल्या लष्कर भागातच आहे. विश्वस्तांना एकच विनंती : दरवर्षी शाळेच्या आरंभी मुलांचे कान तपासून घ्यावेत. मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचा कान पाहावा, एवढे आम्ही शिक्षक पाळू.