उद्यासाठी काय भिजवलंय?

विषय मिळालाय तो ऐसपैस आहे. घर सोडून शहरात राहणाऱ्या तरुण मुलामुलींचं रोजचं जगणं, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे वाढदिवस, त्यांचे प्रवास. रेडिओवर मिनिटं मिळाली आहेत दहा. तेव्हा या सगळ्याला काही मी न्याय देऊ शकणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी भिजत घाला.

मूग घाला, मटकी घाला, चवळी, हरभरे, छोले, घरात जे असेल ते. वाटीभर दाणे, दोनतीनदा धुऊन, तिप्पट पाण्यात. साबुदाणा असेल तर मात्र पाणी बेताचं, दाणे जेमतेम बुडतील इतकंच, नाहीतर खिचडीचा गोळा होतो. वर झाकण ठेवा आणि खुशाल झोपा. याला स्वयंपाक यावा लागत नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरणारा मुलगासुद्धा मूग पाण्यात टाकू शकतो.

मी बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर होते. तिथं मुलींसाठी एक सामाईक स्वयंपाकघर होतं. ज्यांच्या हाताला चव आहे त्या घरचं जेवतात आणि बाकीच्या बाहेरचं खातात, अशी आपली समजूत असते ना? तसं काही दिसेना. पुरणपोळी सुरेख लाटणाऱ्या मुली रात्री कागदी खोक्यातला भात खायच्या. आणि एक मुलगी होती, तिची पोळी कधी गोल झाली नाही, फोडणी हमखास करपायची, पण ताटात रोज काहीतरी घरचं असायचं. कारण ओट्याच्या कोपऱ्यात रोज रात्री तिचं एक झाकलेलं पातेलं असायचं.

बघा, होतं काय, की संध्याकाळी आठ-साडेआठला तुम्ही दमून घरी येता. पोटात भूक, हातात फोन. अशा वेळी ‘आज काय करायचं?’ असं स्वतःला विचारलंत, की उत्तर ठरलेलंच आहे. बोट आपोआप त्या ऑर्डरच्या बटणावर जातं. तो प्रश्न त्या वेळी विचारायचाच नाही. तो आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना, डोकं शांत असताना निकालात काढायचा.

एसटीच्या स्टँडवर काय करतो आपण? गाडी फलाटाला लागायच्या आधीच कुणीतरी धावत जातं आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकतं. मग दाराशी कितीही रेटारेटी होऊ दे, रुमालवाला शांतपणे मागून चढतो. भिजत घातलेले मूग हा तुमचा उद्याच्या जेवणावर टाकलेला रुमाल आहे. तुम्ही ऑफिसात कामाच्या रेटारेटीत असता, तेव्हा घरी ओट्यावर तुमची जागा धरलेली असते. आता, रुमाल टाकला म्हणजे प्रवास झाला असं नाही, चढावं लागतं, तिकीट काढावं लागतं. तशी फोडणी द्यावी लागते, ती काही मूग स्वतः देत नाहीत. रुमाल टाकून चहा प्यायला गेलात आणि फार रेंगाळलात, तर कुणीतरी तो उचलून बाजूला ठेवतो आणि बसतो. तसंच एप्रिल-मेमध्ये मूग रात्री भिजवून दुसऱ्या रात्रीपर्यंत त्याच पाण्यात राहू दिलेत, तर फेस येतो, वास येतो, जागा गेली. म्हणून सकाळी निघताना ते पाणी ओतून टाकायचं, दाणे चाळणीत निथळायचे आणि स्वच्छ ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून ठेवायची. संध्याकाळी सोडून बघा. उन्हाळ्यात पांढरे टोकदार मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असतात, दाणे ओढून काढावे लागतात. डिसेंबरात पुण्या-नाशिकला तेवढ्याच वेळात नुसतं टिंब फुटतं, मग आणखी एक रात्र द्यायची. आपली जी मुलं जर्मनीत किंवा अमेरिकेत शिकायला आहेत, त्यांनी पुरचुंडी ओव्हनमध्ये ठेवावी, आतला फक्त दिवा लावून. ओव्हन चालू करायचा नाही हं.

मोड आलेल्या मुगाला कुकरही लागत नाही. तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर मूग परतायचे, थोडं पाणी घालून झाकण ठेवायचं. दाणा बोटानं चेपला की मग मीठ, आमसूल, गूळ. आमसूल किंवा टोमॅटो आधी घातलात तर दाणा शिजायला वेळ लावतो, आंबटपणा त्याला दडदडीत ठेवतो. मटकीत मात्र गणंग निघतात, रात्रभर पाण्यात राहूनही न भिजलेले खड्यासारखे दाणे. ते वेचून काढा, दाताखाली आला तर दंतवैद्याकडे जावं लागेल.

पुन्हा सांगते. रेडिओ चालू ठेवून तुम्ही दुसरं काहीतरी करत असणार, आणि नेमकं हेच वाक्य निसटलं असणार. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी भिजत घाला.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. वाटी-चमच्याच्या मापात सांगितल्यामुळे नवशिक्यांना केवढा आधार झाला त्याचा! आता तुम्ही पुस्तकाऐवजी व्हिडिओ बघता. हरकत नाही. पण पुस्तक असो की व्हिडिओ, तुम्ही तो उघडता रात्री आठ वाजता, आणि पहिल्याच ओळीत असतं: ‘आदल्या रात्री भिजवलेले छोले, दोन वाट्या.’ तिथेच कपाळाला हात. मग कोरडेच छोले कुकरला लावायचे, शिट्ट्यांवर शिट्ट्या करायच्या, वर खायचा सोडा ढकलायचा. सोड्यानं दाणा मऊ होतो खरा, पण ‘ब’ गटातलं थायमिन नावाचं जीवनसत्त्व त्यानं नष्ट होतं. तसंच, कडधान्यं खाल्ली की पोट फुगतं म्हणून जे तक्रार करतात, त्यांच्यासाठी सांगते. ज्या साखरेमुळे गॅस होतात, त्यातली बरीचशी भिजवलेल्या पाण्यात उतरते. ते पाणी फेकून द्या, निम्मी तक्रार तिथेच संपते. राजम्याचं पाणी तर फेकायलाच हवं, आणि राजमा ताज्या पाण्यात खळखळून उकळायलाच हवा. अर्धकच्च्या राजम्यानं उलट्या होतात, हा गमतीचा भाग नाही.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि आता दर वर्षी १० फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन असतो. पाळा अवश्य. फक्त भिजत ९ तारखेला रात्रीच घाला.

आता थोडं आईवडिलांशी बोलते, कारण तेही ऐकत असतील. रोज रात्री तुमचा मुलांना फोन जातो. तुम्ही विचारता, “जेवलास का?” तो म्हणतो, “हो.” “काय जेवलास?” “होतं काहीतरी.” फोन बंद. दिवसभराची खबरबात एवढीच. आणि इकडे त्याच्या स्टेटसवर मात्र चीज ओघळणाऱ्या पिझ्झाचा फोटो, जो तुम्हाला चुलतबहिणीकडून कळतो. मी म्हणते, प्रश्न बदलून बघा. “उद्यासाठी काय भिजवलंय?” असं विचारा. याला ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. तो म्हणेल, काही नाही, मटकी संपली. का संपली? आणायला वेळ नाही, सध्या रात्रपाळी चालू आहे. अरे, रात्रपाळी कधीपासून? घ्या, निघाली की नाही बातमी? रूममेट भांडून गेला, गॅस संपलाय, पगार लांबलाय, हे सगळं मटकीच्या पोटातून बाहेर येतं.

आणि मुलांनो, तुम्हीही आपणहून सांगत चला. ‘सगळं ठीक’ हे घरच्यांना पुरत नाही. वाटाणे भिजले पण मऊ नाही झाले, एवढं सांगितलंत तरी आई अर्धा तास बोलेल. जुने असतील वाटाणे, किंवा तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल, जड पाण्यात दाणा लवकर शिजत नाही, हे तीच तुम्हाला सांगेल.

वाढदिवस. वाढदिवसाला तुम्ही रात्री बारा वाजता केक कापता. कापता कसला, तोंडाला फासता. पंचविशीतली शिकलीसवरली मुलं, आणि खायची वस्तू गालाला चोपडून नळाखाली धुऊन टाकतात. मला हे अजिबात पटत नाही आणि ते मी इथंही बोलणार. पण बारापर्यंत जागणारच आहात, तर त्या जागरणाचा उपयोग करा. कोल्हापूर-सांगलीकडं खपली गव्हाची खीर करतात. सडलेले, म्हणजे कांडून साल काढलेले, खपली गहू रात्रभर भिजत घालायचे. सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवायचे, डावानं थोडे घोटायचे, मग गूळ, वेलची, जायफळ, सुंठ, नारळाचं दूध. गूळ गहू शिजल्यावरच. आधी घातलात तर गहू अडून बसतात. संध्याकाळी मित्रांना वाटीवाटीनं द्या. ज्याचा वाढदिवस त्याला पाटावर नाही तर खुर्चीवर बसवा, डोक्यावर टोपी किंवा नुसता रुमाल, कपाळी कुंकू, अक्षता, निरांजनानं ओवाळा. सोन्याची अंगठी नसली तर सुपारी ओवाळली तरी चालते. रूममेटनं रूममेटला ओवाळलं तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू दे. आईला व्हिडिओ कॉलवर घ्या. तिकडून तीच सांगेल की ताट उलट्या बाजूनं फिरवतोयस म्हणून.

वाल भिजवायचे असतील तर मात्र सुट्टी बघूनच. एक रात्र भिजायला, पुढचा दिवस मोड यायला, आणि मग सोलायचे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायचे, की कडू साल मागं राहतं आणि डाळिंबी टुण्णकन ताटात पडते. निम्म्या खालीही पडतात. चार मित्र बसले तर गप्पा मारता मारता ताट भरतं. मी तर म्हणते, रविवारी क्रिकेटचा सामना बघत वाल सोला. पहिल्या डावात सोलून होतात, दुसऱ्या डावात बिरडं. फ्लॅटमध्ये चौघे चार ठिकाणचे असतील, कुणाला खोबरं चालत नाही, कुणाला शेंगदाणे, तर त्याचंही एक… पण ते राहू दे, समोर काचेपलीकडून मला पाच बोटं दाखवताहेत.

प्रवास. तरुणपणी फिरा, भरपूर फिरा. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना आहे, चार दिवसांची आणि सात दिवसांची. एकदा पास काढला की आज गणपतीपुळे, परवा औंढा नागनाथ, असं मनाला येईल तसं हिंडा. दर ठिकाणी राहायला महागडं हॉटेलच पाहिजे असं नाही. निघताना पहिल्या दिवसाचं जेवण बरोबर घ्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या मऊ राहतात. तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ. उसळ नेऊ नका. ओली उसळ डब्यात बंद करून उन्हातून नेली तर दुपारपर्यंत आंबते. आणि महत्त्वाचं, जायच्या आदल्या रात्री सवयीनं काही भिजत घालू नका. इतका वेळ मी ‘भिजत घाला, भिजत घाला’ म्हणतेय, त्याला हा एवढाच अपवाद. चार दिवसांनी कुलूप उघडल्यावर पातेल्यातून जो वास येतो, तो शेजाऱ्यांच्याही लक्षात राहतो. आधीच भिजवलेलं असेल, तर मोड निथळून, कोरडे करून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतात. मात्र परत आल्यावर ते वाफवून किंवा शिजवूनच खा, कच्चे नकोत.

उलट परतीच्या प्रवासाचं एक सांगते. रविवारी रात्री दहा-अकराला तुम्ही गड उतरून किंवा गावाहून घरी पोचता, पाय भरून आलेले असतात, आणि सोमवारी सकाळी ऑफिस. त्या रात्री बॅग नाही आवरलीत तरी चालेल. बूट दाराशी राहू देत, कपडे राहू देत. पण मूग… तर काय, एकच बोट राहिलंय आता. पैशांचा हिशेब राहिला, मुलगे आणि मुली यांच्यात ओट्याजवळ कोण उभं राहतं हेही राहिलं, त्यावर तर मला बरंच बोलायचं होतं. पुन्हा बोलावलंत तर बोलेन.

यानंतर बातम्या आहेत. त्या ऐकता ऐकता उठा, डब्यातले मूग काढा. एक वाटी मूग, तीन वाट्या पाणी. बातम्या संपायच्या आत झाकण पडलं पाहिजे.